गढूळ की नितळ

पहाटे ५.१०

रात्री कधीतरी पाऊस थांबला आणि मला जाग आली. क्वार्टरच्या पत्र्यावरचा आवाज बंद झाला की पावसाळ्यात माझी झोप मोडतेच. फोनवर नानांचा निरोप आलेला होता. नाना आमचे धरणावरचे चौकीदार. पाणी सांडव्याच्या माथ्याला फक्त साठ सेंटिमीटर कमी आहे.

तीन वर्षांनी धरण भरतंय. उद्या पोळा आहे, त्यामुळे गावात दुप्पट आनंद आहे. तो मलाही आहे, पण मातीच्या धरणाची जबाबदारी ज्याच्यावर असते त्याला या दिवसांत आनंद आणि जागरण एकत्रच मिळतं. भरावाचा वरचा भाग तीन उन्हाळे कोरडा होता. काळी माती सुकली की आकसते, भेगाळते. आता त्या उंचीवर पाणी पुन्हा टेकलंय आणि आत वाट शोधतंय. ते कुठून निघेल, किती निघेल आणि कसं निघेल, एवढंच मला रोज पाहायचं असतं.

मी शाखा अभियंता आहे. गोदावरी खोऱ्यातला हा एक मध्यम प्रकल्प. सव्वा किलोमीटर लांबीचा मातीचा भराव, सर्वांत उंच ठिकाणी सत्तावीस मीटर. देशात सर्वांत जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत आणि त्यांतली बहुतेक अशीच, मातीची. आमच्यासारखी माणसं त्यांच्यावर रोज पहाटे चालत असतात.

५.४५

माथ्यावर नाना वाट पाहत होते. हातात काठी, खांद्यावर इरलं, पायांत गमबूट. धरणावरच्या फेरीला आमचा एक क्रम ठरलेला आहे. आधी माथा, मग पाण्याच्या बाजूचा उतार, मग कोरड्या बाजूचा, आणि शेवटी पायथा.

माथ्यावर मी कडेचे दगड एका रेषेत आहेत का ते बघते. एका टोकाला बसून डोळा बारीक करून रांगेकडे पाहिलं, की खचलेला दगड लगेच ओळखू येतो. लांबीच्या दिशेने गेलेली भेग उताराच्या घसरणीची खूण असू शकते. आडवी, म्हणजे पाण्याकडून कोरड्या बाजूला जाणारी भेग त्याहून वाईट, कारण ती पाण्याला आयती वाट देते. आज दोन्ही नव्हत्या.

पाण्याच्या बाजूला पिचिंगचे, म्हणजे उतारावर बसवलेल्या दगडी आवरणाचे, चार दगड लाटांनी हलले होते. त्या जागेला नानांनी चुन्याची खूण केली. मग सूर्य डोंगरावर आला आणि आम्ही कोरड्या उताराकडे वळलो. ही वेळ मी मुद्दाम साधते. तिरप्या उन्हात उतारावरचा प्रत्येक खळगा, प्रत्येक फुगवटा सावली टाकतो. भर दुपारी तोच उतार गुळगुळीत भासतो. गवत कुठे इतरांपेक्षा जास्त हिरवं आहे, कुठे लव्हाळा उगवलाय, हेही याच उजेडात दिसतं. लव्हाळा पाण्याशिवाय येत नाही.

"मॅडम, घुशीनं नवीन बीळ काढलंय," नाना म्हणाले. उतारावरच्या मधल्या आडव्या पायरीच्या, म्हणजे बर्मच्या, खाली ताज्या मातीचा ढीग होता. नोंद केली. बिळं खणून, थराथराने माती भरून, धुमसून घ्यावी लागतात. वरून नुसतं तोंड बुजवलं तर आतली पोकळी तशीच राहते. बाभळीचंही तेच. झाड नुसतं तोडून भागत नाही. मुळं कुजली की त्यांच्या जागी नळ्या उरतात आणि पाण्याला खोदायची मेहनतही पडत नाही.

६.३०

पायथ्याला आलो की मी जरा हळू चालते. धरणाची तब्येत इथे समजते.

मातीचं धरण म्हणजे मातीचा ढिगारा नव्हे. मधोमध चिकण, काळ्या मातीचा गाभा असतो, त्याला आम्ही हार्टिंग म्हणतो. दोन्ही बाजूंना मुरमाचं केसिंग, म्हणजे गाभ्याला आधार देणारं जड कवच. गाभा जमिनीखाली खोल चरात उतरवून पक्क्या थराला टेकवतात. तो चर म्हणजे सीओटी. एवढं केलं तरी पाणी झिरपतंच. कितीही चिकण माती असो, ती कितीही दाबलेली असो, कणाकणांमध्ये फट राहते आणि पाण्याला वेळ भरपूर असतो. म्हणून गाभ्याच्या कोरड्या बाजूला वाळूची उभी भिंत घालतात आणि तिच्या पायाशी वाळूखडीचा आडवा थर. गाभा ओलांडून आलेलं पाणी त्या वाळूत उतरतं, आडव्या थरातून पायथ्याच्या दगडी रॉक टोपर्यंत येतं, टो ड्रेनमध्ये पडतं आणि शेवटी माझ्यासमोर, पत्र्यातल्या व्ही आकाराच्या खाचेतून, म्हणजे व्ही नॉचमधून, करंगळीच्या धारेसारखं बाहेर येतं.

सत्तावीस मीटरच्या भरावातला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे ती वाळूची गाळणी. ती कोणालाही दिसत नाही. धरण बांधून झालं की ती कायमची पोटात जाते. तिच्यावर दोन जबाबदाऱ्या आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. गाभ्यातला मातीचा कण अडला पाहिजे, म्हणून वाळू बारीक हवी. पाणी मात्र अडता कामा नये, म्हणून ती भरड हवी. कार्ल टर्झागी यांनी या दोन गरजा एका नियमात बसवल्या. वाळूत ज्या मापाहून बारीक फक्त पंधरा टक्के कण असतात, ते माप मातीच्या पंचाऐंशी टक्क्यांच्या मापाच्या चार-पाच पटींच्या आत ठेवायचं, म्हणजे कण अडतो. तेच माप मातीच्या पंधरा टक्क्यांच्या मापाच्या चार-पाच पट तरी ठेवायचं, म्हणजे पाणी सुटतं. चाळण्या, तराजू आणि हे दोन गुणाकार, एवढ्यावर खालच्या गावांची झोप उभी आहे.

नॉचमधली पाण्याची उंची आज सात सेंटिमीटर. पट्टी नॉचच्या तोंडाशी धरायची नसते, कारण तिथे पाणी खाली वळलेलं असतं. थोडं मागे, संथ पाण्यात वाचायचं. नव्वद अंशांच्या नॉचमध्ये सात सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १.८ लिटर. आठ झाले असते तर अडीच लिटर. एका सेंटिमीटरने पाझर चाळीस टक्के वाढतो. म्हणून मी मिलिमीटरही सोडत नाही.

दिवसाला दीड लाख लिटर पाणी धरणातून पाझरतं म्हटलं की पाहुणे दचकतात. वर्षभराचा हिशेब केला तरी तो एका दशलक्ष घनमीटरचा सतरावा भागही होत नाही. पाण्याच्या नुकसानीची मला चिंता नाही. मी काचेची बाटली भरते, उजेडात धरते. पाणी नितळ आहे. नितळ पाझराबरोबर फक्त पाणी बाहेर येतं. गढूळ पाझराबरोबर धरण बाहेर येऊ लागतं.

७.४०

विमोचकाची दारं सध्या बंद आहेत, त्यामुळे दारांच्या विहिरीच्या पलीकडच्या नळात उतरता येतं. कालव्याला पाणी देणारा हा नळ भरावाच्या पोटातून आरपार जातो. टॉर्च घेऊन, वाकून, आम्ही आत गेलो. प्रत्येक सांध्याशी थांबायचं, बोट लावायचं, बोट बघायचं. तिसऱ्या सांध्याला थेंब आहे, तो जुना आहे आणि स्वच्छ आहे. चुन्याचा पांढरा ओघळ आहे, मातीचा नाही.

माती आणि काँक्रीट यांचा सांधा हा मातीच्या धरणाचा सर्वांत नाजूक भाग. रोलर तिथपर्यंत पोचत नाही, हातधुमसाने माती बसवावी लागते. माती दबत जाते, काँक्रीट दबत नाही, मग दोघांमध्ये फट पडू शकते.

या नळात आले की मला दर वेळी पानशेत आठवतं. आंबी नदीवरचं ते मातीचं धरण अजून बांधून पुरं व्हायचं होतं आणि त्यातच १९६१च्या पावसाळ्याचं पाणी साठलं. विमोचकाच्या नळाला लोखंडी सळईचा आधार नव्हता, दारांचं काम अपुरं होतं. नळातून वेगाने जाणाऱ्या पाण्याच्या हादऱ्यांनी तो निकामी होत गेला आणि त्याच्यावरचा भराव खचू लागला. माथा पाण्याच्या पातळीकडे खाली येत होता. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो वर ठेवला. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटलं. त्या लोंढ्याने खाली १८७९ सालचं खडकवासल्याचं दगडी धरणही त्याच दिवशी फोडलं आणि मुठेकाठचं पुणं पाण्याखाली गेलं. ज्या पोत्यांनी पुण्याला काही तास मिळवून दिले, ती रचणाऱ्या हातांबद्दल मला फार आदर आहे. पण माझं शिक्षण त्या नळात झालं. वरचा भराव कितीही देखणा असला तरी त्याच्या पोटातून काय जातं, ते आधी पाहावं.

९.३०

चहा घेतला. नियंत्रण कक्षाला पातळी, येवा म्हणजे जलाशयात येणारं पाणी, आणि पाऊस कळवला. मग पिझोमीटर.

भरावात उभ्या नळ्या पुरलेल्या आहेत. त्यांत डिपरची फीत सोडायची. टोक पाण्याला टेकलं की बझर वाजतो, तिथे खोली वाचायची. गाभ्याआधीच्या नळीत पाणी जवळजवळ जलाशयाइतकंच उंच. गाभ्यातल्या नळीत पार खाली. वाळूच्या भिंतीपलीकडच्या नळीत तळाशी जेमतेम दोन मीटर. हे तीन आकडे कागदावर मांडून जोडले की भरावाच्या पोटातली पाण्याची रेषा दिसते. ती गाभ्यात झपकन उतरते आणि वाळूत विझते. ही रेषा कोरड्या उतारावर कधीच उगवता कामा नये, तिच्यासाठीच सगळा खटाटोप.

सगळं जागेवर होतं. भरावात काळजी नव्हती.

१०.४०

नानांचा फोन वाजला. बोलता बोलता त्यांनी तो माझ्याकडे दिला.

"मॅडम, माझं रान उपळलंय. दर साली उपळतं, पण औंदा त्यात वाळू नाचतीय," पलीकडून मावशी बोलत होत्या. त्यांचं रान पायथ्याला लागूनच आहे.

वाळू नाचतीय, हे ऐकून मी चहाचा कप तसाच ठेवून उठले. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एका तलावाखालच्या शेतकऱ्याने असंच सांगितलं होतं, आणि मी संध्याकाळी जाऊ म्हटलं होतं. तिथे काही घडलं नाही, पण तेव्हापासून मी संध्याकाळ धरत नाही. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. त्या धरणाच्या गळतीबद्दल गावकरी आधीपासून सांगत होते. पायथ्याला राहणाऱ्या माणसाचं कान देऊन ऐकणं हा माझ्या कामातला पहिला नियम आहे. त्याच्याइतकं त्या जमिनीकडे रोज कोणीच पाहत नाही.

११.१५

धरणाच्या पायथ्यापासून साधारण चाळीस पावलांवर, बाजरीच्या कडेला, बांगडीएवढी तीन वर्तुळं होती. मधोमध पाणी उकळल्यासारखं वर येत होतं आणि त्यात वाळूचे कण खालीवर होत होते. मुंग्यांच्या वारुळाभोवती असते तशी बारीक वाळूची कडी प्रत्येकाभोवती साचली होती.

मी गुडघ्यावर बसले. पावसाचं पाणी जमिनीत मुरून पुन्हा फुटलं तर ते थंड, नितळ आणि संथ असतं, त्यात वाळू नाचत नाही. हे पाणी दाबाखाली होतं. वर येणाऱ्या पाण्याचा रेटा आणि पाण्यात बुडालेल्या मातीचं वजन यांची बरोबरी झाली की मातीचे कण एकमेकांना टेकून राहत नाहीत, तरंगू लागतात. इथे ती बरोबरी झाली होती. पाणी भरावातून येत नव्हतं. ते भरावाखालून, जमिनीतल्या वाळूच्या थरातून येत होतं.

बाटली भरली. धूसर होतं. चिठ्ठी चिकटवली: ११.२०.

कण वर येत राहिले तर त्यांच्या जागी पोकळी पडते. पोकळीचं तोंड धरणाच्या दिशेने मागे मागे सरकतं, जमिनीखाली एक बोगदा तयार होतो आणि तो जलाशयापर्यंत पोचला की काही हातात उरत नाही. अमेरिकेत आयडाहो राज्यात टिटन धरण होतं, ९३ मीटर उंच, पहिल्यांदाच भरत आलेलं. ५ जून १९७६च्या सकाळी तिथे गढूळ पाणी दिसलं. बुलडोझर लावून भोक बुजवायचा प्रयत्न झाला, बुलडोझरच आत गेले. दुपारी बाराच्या आत माथा कोसळला. अकरा माणसं गेली. तिथे गाभ्याची गाळासारखी माती भेगाळ खडकाला थेट टेकली होती, मध्ये गाळणी नव्हती. सकाळ ते दुपार, एवढाच वेळ. आमच्या तीन बांगड्यांची तशी गत नव्हती, वाळू थोडी होती आणि पाणी धूसर होतं, लाल नव्हतं. पण अशा गोष्टी घड्याळ लावून बघायच्या असतात.

माझ्या वरच्या साहेबांना फोन केला. फोटो आणि ठिकाण पाठवलं. "मी निघतो. तू गाळणी सुरू कर," एवढंच ते म्हणाले.

१२.००

ट्रॅक्टर येईपर्यंत आठ-दहा माणसं जमली होती. एक दादा घमेलं भरून काळी माती घेऊन पुढे आले. "मॅडम, चिकण माती टाकून गच्च दाबू. वर सिमेंट." बाकीच्यांनी माना हलवल्या.

गळणारी जागा बुजवावी, हे कोणालाही सुचतं. घराच्या कौलाला, नळाला, बैलगाडीवरच्या पिंपाला ते बरोबरच आहे. इथे मात्र तेच घातक. मी त्यांना भाताच्या पातेल्याचं उदाहरण दिलं. झाकण घट्ट दाबलं की पातेलं कुठूनतरी उतू जातं. "दादा, इथे बुजवलं तर पाणी दहा पावलांवर, धरणाच्या जवळ फुटेल. आणि तिथे कदाचित आपल्याला दिसणारही नाही. पाण्याला बाहेर येऊ द्यायचं. त्याने फक्त आपली माती सोबत न्यायची नाही, एवढं बघायचं."

पावसाळ्याआधी आम्ही माथ्याशेजारी वाळू, बारीक खडी, चाळीस मिलिमीटर खडी, दगड आणि रिकामी पोती रचून ठेवतो. जूनमधल्या तपासणीत तो साठा मोजतात. बाहेर आलेली चिमूटभर वाळू मी क्षेत्र प्रयोगशाळेतल्या चाळण्यांतून काढली. तिचा मोठा भाग ३०० मायक्रॉनच्या खाली गेला. म्हणजे गाळणीच्या वाळूतलं पंधरा टक्क्यांचं माप सव्वा मिलिमीटरच्या आत हवं. आमच्या साठ्यातली वाळू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास होती. जुळलं.

मग थर. आधी गवत, चिखल काढला. सर्वांत खाली वाळू, वीतभर. तिच्यावर दहा-वीस मिलिमीटरची बारीक खडी. तिच्यावर चाळीसची. सर्वांत वर दगड, वजनासाठी. धरणाच्या पोटात असते तीच गाळणी, फक्त जमिनीतून वर येणाऱ्या पाण्यासाठी उलटी मांडलेली. आम्ही तिला उलटी गाळणीच म्हणतो. प्रत्येक थर वरच्या थरातून निसटू नये इतका भरड आणि खालच्याला धरून ठेवील इतका बारीक. एकाच थरात नुसती मोठी खडी टाकली असती तर वाळू तिच्यातून आरामात निघून गेली असती.

दादांनी आपली काळी माती बाजूला ओतली आणि पहिलं वाळूचं घमेलं त्यांनीच टाकलं. एका वर्तुळावर पडलेली वाळू दोन-तीनदा उचलली गेली, मग बसली. कडेने चर काढून पाणी एका जागी आणलं. पंधरा लिटरची बादली भरायला पन्नास सेकंद लागले. सेकंदाला ०.३ लिटर.

२.३०

साहेब आले. बूट न काढता थेट चिखलात उतरले आणि बादली स्वतः दोनदा भरली. मग आम्ही माझ्या टेबलावर बांधकामाच्या वेळचे नकाशे पसरले. पिवळे पडलेले, दुमडीवर फाटलेले. मूळ जमिनीच्या उंचसखलाच्या नकाशात आम्हाला हवं ते सापडलं. मावशींच्या रानातून एक जुना ओढा जात होता. धरण बांधताना तो भरावाखाली गेला, पण त्याच्या पात्रातली वाळू जमिनीखाली तशीच आहे. तीन वर्षं पाणी त्या उंचीला गेलं नव्हतं, म्हणून ती गप्प होती.

दोन निर्णय झाले. पाणी आणखी वर चढू द्यायचं नाही. कालव्यातून ५० क्युसेक्स सोडायचे. एकदम खूप पाणी काढायचं नाही, कारण जलाशय झपाट्याने उतरला की पाण्याच्या बाजूचा भिजलेला उतार आधार सुटून घसरू शकतो. दुसरा निर्णय, या ठिकाणी रिलीफ वेलचा प्रस्ताव. जमिनीत भोक पाडून, जाळीदार नळी आणि भोवती गाळणी बसवून, खालच्या दाबाला कायमची वाट करून द्यायची. नाशिकच्या धरण सुरक्षितता संघटनेला आजच अहवाल पाठवायचा. धरण सुरक्षितता कायदा २०२१ साली झाला, त्यानुसार पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी होतेच. पण अशी गोष्ट तपासणीची वाट पाहत नाही.

मावशींना नुकसानीचा पंचनामा होईल असं साहेबांनी सांगितलं. मावशी म्हणाल्या, "बाजरी जाऊ द्या, बंधारा राहू द्या." त्यांच्या बोलण्यात सगळी धरणं बंधारेच असतात.

४.३०

दुसरी बाटली. नुसत्या डोळ्यांनी नितळ वाटली. सूर्यासमोर धरली तेव्हा अगदी बारीक धूसरपणा दिसला. बादलीला पुन्हा पन्नास सेकंद. पाणी तेवढंच, वाळू नाही. मला नेमकं हेच हवं होतं.

मुख्य व्ही नॉचवर ७.२ सेंटिमीटर. सेकंदाला १.९ लिटर. सकाळपासूनचा पाऊस शून्य, म्हणजे ही वाढ पाझराचीच. रात्री पातळी सात सेंटिमीटर चढली, त्याच्याशी ती जुळते. जुळत नसती तर झोपेचा विषयच नव्हता.

६.००

आज खांदेमळणी. संध्याकाळी बैलांना धुऊन, त्यांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळतात, वर्षभर जुवाखाली राहिलेला खांदा मऊ करतात, आणि उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. नानांची जोडी घरी वाट पाहत होती.

"मी थांबतो, मॅडम. पोरगा करील खांदेमळणी."

"नाना, जा तुम्ही. दहाला या. तोवर मी आहे."

ते जाताना एक आठवण करून गेले. उद्या गुरं पाण्यावर आणायला लोक भरावावरून उतरतील. दर वर्षी पिचिंगचे दगड सरकतात, उतारावर पायवाटा पडतात, मग पावसाच्या धारा त्याच वाटा खोल करतात. सरपंचांशी मागच्या आठवड्यात बोलणं झालंय. डाव्या टोकाला, भरावाबाहेर, उताराची जागा साफ करून दिली आहे. गावाला बैल धुवायला घाट मिळतो आणि धरणाला शांतता.

रात्री १०.००

अमावास्येआधीची रात्र, आभाळात ढग, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. नाना आले तेव्हा त्यांच्या हातांना हळदीचा पिवळा रंग होता. सोबत डब्यात दोन पुरणपोळ्या, उद्याच्या आधीच.

आम्ही टॉर्च घेऊन मावशींच्या रानात गेलो. दगडांमधून पाणी हळू वाहत होतं. दगडांच्या कडेला कुठेही नवी वाळू नव्हती. मी तिसरी बाटली भरली. मावशींच्या पडवीत दिवा होता. त्या जाग्या होत्या.

परत येऊन तिन्ही बाटल्या खिडकीत ओळीने ठेवल्या आणि मागे टॉर्च धरला. ११.२०च्या बाटलीत तळाला नखाच्या जाडीचा थर बसलाय. ४.३०च्या बाटलीत एक पुसट रेघ. १०.००च्या बाटलीच्या तळातून नानांचा पिवळा अंगठा स्वच्छ दिसत होता.

नोंदवहीत लिहिलं: पाझर सुरू. पाणी नितळ. गाळणी स्थिर. दर दोन तासांनी पाहणी.

बाराला नाना जातील, दोनला मी, चारला पुन्हा नाना. पाचला पातळी वाचायची आहे.